बुसानला आपल्या पोरींनी चीनला घाम फोडला, त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात फुटबॉलवर वाद घालायला पाहिजे तेवढी माणसं मिळतात, पाटाकडील की दिलबहार यावर चहाचे चार राऊंड होतात, कुस्तीचं तर बोलायलाच नको. पण टेबल टेनिस म्हटलं की "ते पिंगपाँग व्हय, ऑफिसात खेळत्यात ते?" एवढ्यावर विषय संपतो. तरी 2024 च्या बुसान वर्ल्ड टीम चॅम्पियनशिपनंतर लोक विचारायला लागलेत, रील बघून, अर्धवट बातमी वाचून, आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून सगळे एका जागी घेतलेत.

बुसानला नक्की झालं काय होतं?

फेब्रुवारी 2024, दक्षिण कोरियातलं बुसान शहर, सांघिक जागतिक स्पर्धा. पुरुषांचे 40 संघ, महिलांचे 40. भारताच्या महिला संघाच्या गटात चीन, हंगेरी, स्पेन, उझबेकिस्तान. आणि 16 फेब्रुवारीला, म्हणजे पहिल्याच दिवशी, समोर चीन. सगळ्यांनी 3-0 धरूनच ठेवलेलं, आपल्याकडच्यांनी पण. झालं असं की पहिल्याच मॅचला आयहिका मुखर्जीने सुन यिंगशाला हरवलं, 12-10, 2-11, 13-11, 11-6. सुन यिंगशा म्हणजे तेव्हाची जगातली नंबर एक, आयहिकाचं रँकिंग 155. मग मनिका बत्रा वांग मान्युकडून हरली, 1-1. मग श्रीजा अकुलाने वांग यीदीला सरळ तीन गेममध्ये काढलं, 11-7, 11-9, 13-11. भारत 2-1 पुढे. चीनच्या बाकावरचे चेहरे त्या वेळचे बघाच. पुढच्या दोन मॅच चीनने घेतल्या, सुनने मनिकाला आणि वांग मान्युने आयहिकाला हरवलं, आणि टाय, म्हणजे पूर्ण लढत, 3-2 ने गेली.

हरलीच ना शेवटी? मग हरलेल्या मॅचचं एवढं कौतुक कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचं चूक नाही, आपल्याकडे मेडल नाही तर बातमी नाही. पण जरा आकडे बघा. चीनच्या पोरींनी ती स्पर्धा जिंकलीच, पण सगळ्या स्पर्धेत त्यांना पाचव्या मॅचपर्यंत ओढलं ते एक भारताने आणि दुसरं फायनलला जपानने. जपान म्हणजे लहानपणापासून पोरं टेबलाला उभी करणारा देश, त्यांच्या खेळाडूंचं रँकिंग पहिल्या वीसात वगैरे. आपल्या तिघींपैकी त्या वेळी एकही त्या रेंजमध्ये नव्हती. आणि मेन म्हणजे त्या दिवशी जिंकल्या कोण? स्टार म्हणून जिचं नाव पोस्टरवर असतं ती मनिका नव्हे, बाकीच्या दोघी. माझ्या मते बुसानची खरी बातमी हीच आहे. भारताकडे चांगला एक खेळाडू आधीपण असायचा, पण सांघिक खेळात एकट्या स्टारवर निभत नाही, दुसरी आणि तिसरी कोण आहे यावर सगळं असतं. हे डोक्यात ठेवून खालचं वाचा, पुढचं सगळं त्यावरच फिरतंय.

सांघिक मॅचचा फॉरमॅट काय असतो? कोण कुणाशी खेळणार हे कोण ठरवतं?

पूर्ण लढतीला टाय म्हणतात. एका टायमध्ये जास्तीत जास्त पाच मॅच, सगळ्या सिंगल्स, ज्याच्या आधी तीन होतील तो संघ जिंकला. प्रत्येक मॅच जास्तीत जास्त पाच गेमची, गेम 11 पॉइंटचा पण दोनच्या फरकाने, दोन-दोन सर्व्हिस. प्रत्येक संघ तिघांना उतरवतो. टॉस होतो, एक संघ ए-बी-सी होतो, दुसरा एक्स-वाय-झेड. मग क्रम ठरलेला: ए विरुद्ध एक्स, बी विरुद्ध वाय, सी विरुद्ध झेड, परत ए विरुद्ध वाय, आणि शेवटी बी विरुद्ध एक्स. म्हणजे तिसरा खेळाडू एकदाच खेळतो आणि पहिले दोन गरज पडली तर दोनदा.

आता गंमत इथं आहे. समोरच्याने कुणाला कुठं ठेवलंय हे नावं देईपर्यंत माहीत नसतं, त्यामुळे कोच लोकांचं निम्मं डोकं यातच जातं. खासबागेत कुस्तीची जोडी लावताना वस्ताद जसा कुणाला कुणासमोर सोडायचा याचा हिशोब करतो तसलाच प्रकार, फक्त इथं समोरचा वस्ताद पण त्याच वेळी बंद लिफाफ्यात हिशोब करत असतो. बुसानला चीनने सुनला ए ठेवलेलं, वांग मान्यु बी, वांग यीदी सी. आपण आयहिकाला एक्सवर टाकलं, मनिका वाय, श्रीजा झेड. म्हणजे सगळ्यात खालचं रँकिंग असलेली पोरगी थेट नंबर एकसमोर. हरली असती तर लोकांनी कोचला शिव्या घातल्या असत्या, पण विचार करून बघा, तिथं कोणीही उतरवली असती तरी हरण्याचीच शक्यता जास्त होती, मग जिचा खेळ समोरच्याला सवयीचा नाही तिला का नको?

पण 155 नंबरची एक नंबरला हरवते कशी? नशीब?

नशीब चार पॉइंटला असतं, तीन गेमला नसतं. आयहिकाच्या बॅटला बॅकहँडच्या बाजूला अँटी-स्पिन रबर आहे. साध्या रबरला ग्रिप असते, बॉल त्याला चिकटून फिरकी घेऊन जातो. अँटीला ग्रिप जवळजवळ नसतेच, बॉल त्याच्यावरून घसरतो. मग होतं काय की समोरच्याने जोरात टॉपस्पिन (पुढे फिरणारा बॉल) मारला तर तीच फिरकी बॉलवर तशीच राहते, पण बॉल उलट दिशेने परत गेल्यामुळे मारणाऱ्याला ती बॅकस्पिन, म्हणजे उलटी फिरकी, म्हणून मिळते. म्हणजे तुम्ही जेवढं जास्त जोर लावून फिरवाल तेवढा जड बॉल तुमच्याकडेच परत येणार, आणि वेग पण मेलेला असणार. चिनी खेळाडू सगळ्या जगात भारी कशात, तर वेग आणि फिरकी. त्यांचंच हत्यार त्यांच्यावर उलटवणारा हा खेळ. बॉल नेटमध्ये गेला की सुन बॅटकडे बघत राहायची ते व्हिडिओत दिसतं.

पण नुसत्या रबराने मॅच जिंकता येत नाही, नाहीतर सगळ्यांनीच लावलं असतं की. अँटीने बॉल फक्त अडतो, पॉइंट संपवायला फोरहँड लागतो आणि तो आयहिकाने त्या दिवशी बिनधास्त मारला. दुसरा गेम 2-11 ने गेल्यावर कुणाचंही डोकं फिरलं असतं. तिने तिसरा 13-11 ने काढला, आणि माझ्यासाठी मॅच तिथंच फिरली.

असलं रबर लावणं म्हणजे चीटिंग नाही का?

नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मंजूर यादीतलं रबर पाहिजे, बॅटच्या दोन बाजूंचे रंग वेगळे पाहिजेत, एक बाजू काळी, आणि मॅचच्या आधी समोरच्याला बॅट हातात घेऊन बघता येते. रंगांचा नियम आलाच यासाठी, आधी दोन्हीकडे एकाच रंगाची रबरं लावून खेळताना बॅट फिरवायचे आणि समोरच्याला कळायचंच नाही कुठल्या बाजूने मारला.

आणि बॅटच्या रबराने जगाला गंडवण्याचा सगळ्यात मोठा किस्सा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. 1952 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप मुंबईत झालेली, आशियात पहिल्यांदा. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला, तोवर सगळे कडक पिंपलच्या (दाणेदार रबराच्या) बॅटने खेळायचे, बॉलचा टकटक आवाज ऐकून अंदाज घ्यायचे. सातोच्या बॅटचा आवाजच येईना. पुरुष एकेरीचं विजेतेपद घेऊन गेला पठ्ठ्या. त्यानंतर सगळा खेळच स्पंजवर गेला. त्याच वर्षी खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून मेडल आणलं म्हणून 1952 म्हटलं की कोल्हापूर-कराडच्या माणसाला कुस्तीच आठवते, साहजिक आहे, पण टीटीवाल्यांना, म्हणजे टेबल टेनिसवाल्यांना, मुंबईपण आठवते.

मनिका दोन्ही मॅच हरली, मग ती फ्लॉप का?

असं म्हणणाऱ्यांनी तिच्या समोर कोण होतं ते वाचावं. वांग मान्यु आणि सुन यिंगशा. दोघी वर्ल्ड चॅम्पियन राहिलेल्या. शिवाय मनिका बॅकहँडला लाँग पिंपल (लांब दाण्यांचं रबर) लावते आणि तिच्याशी चिनी पोरी कितीतरी वर्षं खेळतायत, तिच्यासाठी त्यांची तयारी असते. आयहिकासाठी नव्हती. टॉपच्या खेळाडूला हा टॅक्स भरावाच लागतो. 2018 च्या कॉमनवेल्थला हीच मनिका सिंगापूरच्या फेंग तियानवेईला हरवून संघाला गोल्ड देऊन गेली, तेव्हा बाकीच्यांना तिच्या आडोशाला उभं राहता आलं. आता बाकीच्या उभ्या राहिल्यात, बस.

चीननंतर बाकीचं काय झालं?

हंगेरीला 3-2, उझबेकिस्तानला 3-0, आणि स्पेनविरुद्ध 0-2 मागे पडून 3-2. ही स्पेनची टाय लोक विसरतात, पण ती गेली असती तर गटात दुसरं येणं अवघड होतं. मग बाद फेरीत इटलीला 3-0, आणि शेवटच्या 16 मध्ये चायनीज तैपेईकडून (म्हणजे तैवान) 1-3. तिथं थांबलो.

पोरांचं काय? त्यांच्याबद्दल कोण बोलत नाही.

कारण बोलण्यासारखं कमी झालं. शरथ कमल, साथियान, हरमीत देसाई, मानव ठक्कर असा अनुभवी संघ होता. चिली आणि न्यूझीलंडला हरवलं, पोलंड आणि कोरियाकडून हरले, बाद फेरीत कझाकस्तानला 3-2 ने काढलं आणि परत कोरियाच समोर आला, 0-3. पण दीड वर्ष आधी 2022 च्या चेंगडू स्पर्धेत याच पोरांनी जर्मनीला हरवलेलं, साथियानने एकट्याने दोन मॅच काढलेल्या, त्यामुळे त्यांना एकदम मोडीत काढू नका. 2021, 2023 आणि 2024 अशा लागोपाठ तीन आशियाई टेबल टेनिस चॅम्पियनशिपमध्ये सांघिक ब्राँझ पण आहे त्यांचं.

क्वार्टर फायनलला पोचलो नाही तरी ऑलिम्पिकचं तिकीट कसं मिळालं?

बुसानमधून शेवटच्या आठ संघांना थेट तिकीट होतं. ते आपलं हुकलं. पण उरलेल्या काही जागा मार्च 2024 च्या जागतिक क्रमवारीवर भरल्या गेल्या, त्यात आपल्या महिला 13 व्या आणि पुरुष 15 व्या नंबरवर होते, दोघेही आत. टेबल टेनिस ऑलिम्पिकमध्ये 1988 पासून आहे, सांघिक प्रकार 2008 पासून, आणि भारताचा संघ पहिल्यांदा 2024 ला गेला. म्हणून त्या स्पेन आणि इटलीच्या टाय महत्त्वाच्या होत्या, अशी एकेक मॅच साठत साठत क्रमवारी तयार होते.

नंबर एकला हरवलेली आयहिका पॅरिसला का खेळली नाही?

यावर लई भांडणं झालीत. ऑलिम्पिकला संघात तिघंच. फेडरेशनने मनिका, श्रीजा आणि अर्चना कामत अशी नावं दिली, आयहिका राखीव. अर्चनाचं रँकिंग आयहिकापेक्षा वर होतं, त्यावर निर्णय झाला. त्यात ऑलिम्पिकचा फॉरमॅट वेगळा, तिथं टायची सुरुवात डबल्सने होते, म्हणजे नुसती सिंगल्सची खेळाडू बघून चालत नाही.

मला विचाराल तर तेव्हा आयहिकाला बाहेर ठेवणं खटकलं होतं, अजूनही थोडं खटकतं, कारण मोठ्या संघांना गोंधळात टाकणारी खेळाडू आपल्याकडे होती आणि ती स्टँडमध्ये बसली. पण अर्चनाने तो निर्णय चुकीचा ठरवला असंही नाही. रोमानिया आपल्यापेक्षा वरच्या मानांकनाचा संघ, त्यांना 3-2 ने हरवलं तेव्हा पहिली डबल्स श्रीजा-अर्चनानेच जिंकलेली, आणि मनिकाने आपल्या दोन्ही मॅच काढल्या. क्वार्टर फायनलला जर्मनीकडून 1-3 हरलो, तो एक पॉइंट अर्चनानेच मिळवलेला, शान शाओनाला हरवून. म्हणजे परत तेच, तिसरी खेळाडू. नंतर अर्चना शिकायला अमेरिकेला गेली.

हे सगळं कधी झालं? आम्हाला तर कळलंच नाही.

कळणार कसं, रोमानियाची टाय 5 ऑगस्टला होती आणि 1 ऑगस्टला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ मारलेलं. अख्खा जिल्हा त्यातच होता, आणि असायलाच पाहिजे होता. नेमबाजीत आपल्याकडे तेजस्विनी सावंत, राही सरनोबत झाल्या म्हणून लोकांना 10.9 (एका गोळीचे जास्तीत जास्त गुण) म्हणजे काय ते कळतं. टीटीत तसलं नाव अजून इथून मोठं व्हायचंय.

मराठी कोण आहे का संघात?

मुंबईची दिया चितळे आहे, 2025 ला राष्ट्रीय विजेती झाली. जुन्यात कमलेश मेहता, तेही मुंबईचेच, आठ वेळा राष्ट्रीय विजेते.

बुसान हा एकदाचाच चमत्कार होता का?

हा चांगला प्रश्न आहे, आणि बुसाननंतर लगेच विचारलं असतं तर मी पण मान हलवली असती, कारण वेगळ्या रबरची जादू एकदा कळली की उतरते, समोरचे व्हिडिओ बघून तयारी करून येतात. पण आधी आणि नंतर दोन्हीकडे बघा. आधी, 2023 च्या हांगझोऊ एशियन गेम्सला आयहिका आणि सुतीर्था मुखर्जी या पश्चिम बंगालमधल्या नैहाटीच्या दोघींनी चेन मेंग आणि वांग यीदी या चिनी जोडीला चीनमध्येच हरवलेलं आणि ब्राँझ आणलेलं. ही चेन मेंग टोकियोची ऑलिम्पिक चॅम्पियन, आणि बुसानला आपल्याविरुद्ध ती बाकावर बसून होती, यावरून चीनची खोली किती ते समजून घ्या.

आणि नंतर, ऑक्टोबर 2024, अस्तानाला आशियाई चॅम्पियनशिप. क्वार्टर फायनलला दक्षिण कोरिया, जो दोनच महिन्यांपूर्वी पॅरिसला सांघिक ब्राँझ घेऊन आलेला. पहिल्या मॅचला आयहिकाने शिन युबिनला हरवलं, जी तेव्हा जगात आठवी. मनिकाने जिऑन जिहीला. मग श्रीजा हरली, मनिका शिनकडून हरली, 2-2. पाचवी मॅच परत आयहिकाकडे आली, बुसानला ती वांग मान्युकडून हरली होती तीच जागा. यावेळी तिने जिऑन जिहीला हरवलं, आणि भारताच्या महिला संघाला 1972 ला ती आशियाई चॅम्पियनशिप सुरू झाल्यापासूनचं पहिलं मेडल नक्की झालं. सेमीला जपानकडून 1-3 हरलो, ब्राँझ. मग आयहिका-सुतीर्थाने डबल्सचं पण ब्राँझ घेतलं. आता याला चमत्कार म्हणायचं तर म्हणा.

याच्याआधी भारताने जागतिक स्पर्धेत कधी काही केलंच नव्हतं का?

केलंय, पण लई जुनं. 1926 ला लंडनमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली त्यात पुरुष संघाने ब्राँझ मिळवलेलं, तेव्हा संघच हातावर मोजण्याइतके होते ही गोष्ट वेगळी. शंभर वर्षं होतात म्हणून 2026 ची सांघिक स्पर्धा परत लंडनलाच दिली.

माझ्या पोरीला अँटी रबर घेऊन देऊ का? आयहिकासारखं?

नको! निदान सुरुवातीला तरी नको. आधी दोन्ही बाजूंना साधं रबर, दोन्ही हात नीट बसू देत, फिरकी द्यायची आणि ओळखायची सवय लागू दे. अँटी किंवा पिंपल हा नंतर कोच बघून ठरवतो, खेळाचा स्वभाव बघून. लहान वयात अँटी दिलं की शाळेच्या स्पर्धा पटापट जिंकतात कारण समोरच्या पोरांना काही कळत नाही, घरचे खूश, आणि मग वरच्या गटात गेल्यावर फोरहँडच नाही म्हणून अडकतात.

कोल्हापुरात पावसाळ्यात खेळताना बॉल घसरतो, रबर खराब झालं का?

बहुतेक नाही. जून ते ऑगस्ट आपल्याकडे हवेत एवढा ओलावा असतो की ग्रिपच्या रबरावर दमटपणा बसतो आणि बॉल नेटमध्ये किंवा टेबलाबाहेर जातो. दोन गेमच्या मध्ये कोरड्या कापडाने पुसा, घरी आल्यावर रबरावर प्लॅस्टिक शीट लावून ठेवा, बॅट गाडीच्या डिकीत ठेवू नका. हॉलच्या खिडक्या रंकाळ्याच्या वाऱ्याला उघड्या असतील तर बंद करा, 40 मिलिमीटरचा हलका बॉल आहे, पंख्यानेसुद्धा वळतो. अँटीवाल्यांना या दिवसात फार फरक पडत नाही, त्यांचं आधीच घसरतंय.

मॅच बघायच्यात, कुठून सुरू करू?

वर्ल्ड टेबल टेनिसच्या यूट्यूब चॅनेलवर शोधा. आधी आयहिका-सुन, बुसान, आणि ती बघताना स्कोअरकडे कमी, आयहिकाच्या बॅटचा रंग कुठल्या बाजूला आहे तिकडे जास्त लक्ष द्या, पाच मिनिटांत खेळ समजायला लागेल. मग श्रीजा-वांग यीदी, ती एकदम उलट, सरळ समोरासमोर हाणामारी आहे आणि म्हणून मला ती जास्त आवडते. तिसऱ्या गेमला 11-11 नंतरचे दोन पॉइंट सोडू नका.